लेकरू रडलं होतं का?

वलगावचे नाव काढले की लोकांना गाडगेबाबा आठवतात. डिसेंबर १९५६ मध्ये पेढी नदीच्या पुलाजवळ त्यांनी देह ठेवला. मला वलगाव आठवते ते आमच्या गल्लीतल्या सुईण आजीमुळे. तिला अक्षरओळख नव्हती. पण कोणाच्या घरी कोणते लेकरू पोळ्याच्या आधी झाले आणि कोणते नंतर, हे ती बसल्या जागी सांगत असे.

सहायक परिचारिका-प्रसविका म्हणून मी नोकरीला लागले, तेव्हा एकवीस वर्षांची होते. एका रात्री जवळच्याच वस्तीवर बाळंतपण होते. आजी माझ्या आधी पोचलेली. दिवस भरण्याआधीच झालेले, ओंजळीत मावेल एवढे लेकरू. ते क्षीण रडले आणि तासाभरात गेले. दुसऱ्या दिवशी रजिस्टर भरताना वरिष्ठ बाई म्हणाल्या, “मृत जन्म लिही. नाहीतर चौकशीचे कागद भरत बसशील.” मी लिहिले.

बाळाच्या बापाकडून ते आजीला कळले. ती दारात येऊन उभी राहिली. “पोरी, लेकरू रडलं व्हतं नं! मंग मेलेलंच झालं असं कायले लिह्यलं तुनं?”

मला उत्तर देता आले नाही. पुढे मी शिकले, प्रसूतिविद्या शिकवू लागले, संशोधनात पडले. पण तो प्रश्न काही सुटला नाही.

यात एवढे काय, असे कोणी विचारील. अठ्ठावीस आठवड्यांनंतर पोटात दगावलेले मूल आणि जन्मून सात दिवसांच्या आत गेलेले मूल, दोघांची मिळून ‘प्रसवकालीन मृत्यू’ अशी गणना होते. तिथे बेरीज तीच राहते. पण बालमृत्यूच्या दरात मृत जन्म धरत नाहीत. म्हणजे माझ्या एका शब्दाने ते लेकरू त्या हिशेबातून गेलेच. शिवाय उपायही बदलतो. पोटात मूल गेले तर गरोदरपणात आणि कळांच्या वेळी काय चुकले ते पाहावे लागते. रडून गेले तर ऊब, श्वास, दूध यांचा विचार करावा लागतो. त्या रात्री आम्ही लेकराला आईच्या छातीशी धरले नव्हते, हे मी आज सांगू शकते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावचे जन्म-मृत्यू नेटाने नोंदवले, म्हणून त्यांना उपाय तपासता आला. एकोणचाळीस गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. सत्तेचाळीस गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू हजारी ६२ वरून साधारण २५ वर आले. डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आले. मला त्याहून आवडते ते त्यांचे श्वास मोजायचे साधन. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोजता न येणाऱ्या सुईणीलाही न्यूमोनिया ओळखता यावा, म्हणून केलेले. आमच्या आजीच्या हाती ते असते तर!

पुढे ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी मिळून मोजले, तेव्हा शासकीय दप्तरात पुष्कळ बालमृत्यू उतरतच नाहीत, असे दिसले. वाचताना मला माझेच अक्षर आठवले.

२०११ पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा वेळा, घरी झाले असेल तर सात वेळा. हे गडचिरोलीतूनच आले. त्यांच्या मानधनाची रड मात्र अजून आहे, तो वेगळ्या भाषणाचा विषय.

वर्गात मी पहिल्या दिवशी पुस्तक उघडत नसे. कोरे रजिस्टर ठेवायची आणि मुलींना सांगायची, आईला तीन गोष्टी विचारा : लेकरू रडलं का, हललं का, श्वास घेतला का? एकदा एका मुलीने विचारले, “मॅडम, आईला हे विचारायला कसं तरी नाही का वाटत?” वाटते. मी स्वतः पहिल्यांदा विचारले तेव्हा ती बाई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दोन डाव रडलं. तुम्हीच पयल्या इचारलं.”