आमची पारो
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



सभासदांच्या यादीत जिचं नाव कधीच नव्हतं, तिच्याविषयी बोलायला उभी आहे. नव्या बिऱ्हाडांसाठी सांगते, पारो म्हणजे आमची मांजर.

आपल्या अजिंठा गावात पारोची समाधी आहे. लेण्यांतली चित्रं उतरवायला आलेल्या रॉबर्ट गिलची ही पारो १८५६ साली गेली; ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर ‘अजिंठा’ लिहिलं. त्या समाधीजवळ आपल्या पोरांना एक पिल्लू सापडलं. मग दुसरं नाव काय ठेवणार? ती पोरं आता पुण्याला नोकरी करतात. पिल्लू आम्ही ठेवून घेतलं, पण ते जेवायचं तिन्ही मजल्यांवर. जिन्यातल्या घाणीवरून सर्वसाधारण सभेत झालेलं रामायण इतिवृत्तात आहेच, ते उगाळत नाही.

चौदाव्या वर्षी ती सारखी पाणी पिऊ लागली, वजन उतरलं. शहरातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, किडन्या निकामी होताहेत. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार नेहमीचा. बरा होत नाही, लांबवता येतो. मग एक दिवसाआड कातडीखाली सलाईन. सुई मी टोचायची, तिला धरायच्या सासूबाई. (जाता जाता सांगते, मांजराला आपली पॅरासिटामॉल कधी देऊ नका. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.)

पुढे तिने खाणं सोडलं. इथल्या गुरांच्या डॉक्टरांनी शेवटच्या इंजेक्शनचं सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, “जो आपण दिला नाही, तो जीव आपण घ्यायचा कसा?” मला उत्तर सुचलं नाही. तीन दिवस घरात हाच विषय. चौथ्या रात्री ती सरपटत पाण्याच्या वाटीपाशी गेली आणि तिथेच तोंड टेकून बसली. पिता येईना. पहाटे सासूबाईंनीच हाक मारली, “डॉक्टरांना फोन लाव गं.”

आधी गुंगीचं औषध दिलं, मग दुसरं. ती सासूबाईंच्या मांडीवर होती.

मागच्या कडुनिंबाखाली खड्डा खणायला कुदळ कुणी आणली असेल? सभेत तिच्याविरुद्ध ठराव मांडणाऱ्या काकांनी! कुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्यांनी कमरेइतका खोल खणायला लावला, वर दगड रचले.

एका दगडावर मुलांनी खडूने तिचं नाव लिहिलं. पाऊस आला की पुसतं, मग तळमजल्यावरची छोटी पुन्हा लिहिते. काल पाहिलं तर ‘परो’ झालंय. काना राहिलाय.