गावची शाळा : पारख कशी करावी?



बैल घ्यायला आपण बाजारात जातो, तेव्हा शिंगांना लावलेला रंग पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. मालक बरा असला तर म्हणतो, "जरा जू ठेवून बघू द्या." इतके करूनही घरी आल्यावर कोणी तरी म्हणतेच की फसलात म्हणून! पण हीच चोखंदळ माणसे पोराला शाळेत घालताना फक्त शिंगांचा रंग पाहतात. भिंती रंगवल्या आहेत का, फाटकावर कमान आहे का, मुलांच्या गळ्यात टाय आहे का, एवढ्यावर शाळा 'चांगली' ठरते. नाही तर 'सरकारी आहे, म्हणजे तशीच असणार' या एका वाक्यात तिचा निकाल लागतो.

हा विषय डोक्यात घालणारे गृहस्थ मला एस.टी.त भेटले. जव्हारहून सुटलेली गाडी, बाहेर पाऊस, आणि काचा बंद म्हणून आत उकाडा. शेजारी बसलेले गृहस्थ वांगणीच्या बाजूच्या एका पाड्यावरचे होते. मी कॉलेजात शिकवतो हे कळल्यावर त्यांनी सरळ विचारले, "सर, पोरगा सहा वर्षांचा झाला. पाड्यावरच्या शाळेत ठेवू, का आश्रमशाळेत टाकू?" पाड्यावरच्या शाळेचा पट जेमतेम पंधरा-सोळा. आश्रमशाळेत राहण्या-जेवण्याची सोय असते, पण सहा वर्षांचे पोर आईपासून लांब जाते. मी एम. ए. झालो आहे, वीस वर्षे फळ्यापुढे उभा आहे. तरी त्या माणसाला धड उत्तर देता आले नाही. "शाळा बघून ठरवा," असे काही तरी बोललो. ते म्हणाले, "बघू म्हणजे काय बघू?" तेवढ्यात त्यांचा थांबा आला आणि ते उतरले. तेव्हाचे राहिलेले उत्तर मी आज देतो आहे.

वांगणी हे नाव जुन्या माणसांना सांगायला नको. १९९२ साली वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावली आणि जव्हार तालुक्यातले हे कोपऱ्यातले नाव साऱ्या महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत आले. मंत्री आले, मोटारी आल्या, योजना आल्या. आता तुम्ही म्हणाल, त्याचा आणि शाळेचा संबंध काय? कुपोषणाचा घाला बहुधा शाळेच्या वयाआधीच पडतो. अगदी खरे. पण त्या लहानग्याला कडेवर घेऊन घरी थांबते कोण? त्याची आठ-नऊ वर्षांची बहीण. हजेरीपटावर तिच्या नावापुढे रोज 'गैरहजर' पडत असते. घरात काही तरी बिघडले आहे, ही पहिली खूण दवाखान्याच्या आधी शाळेच्या हजेरीपटावर उमटते. म्हणून शाळा पाहायला गेलात की पहिला प्रश्न इमारतीचा विचारू नका. विचारा, "गुरुजी, चार दिवस पोर आले नाही, तर तुम्ही काय करता?"

कोणी सांगतील, "निरोप धाडतो." कोणी म्हणतील, "आम्ही तरी काय करणार, पालकच असे." आणि एखादे गुरुजी सांगतील, "मधल्या सुट्टीत मीच घरी जाऊन येतो." या तीन उत्तरांत तीन शाळा आहेत.

आपल्याच जिल्ह्यात याचा मोठा दाखला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येईनात, कारण ती रानात गुरांमागे असत. तेव्हा या बाईंनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, ही गोष्ट त्यांनी बोलून नव्हे, करून दाखवली. आज अंगणवाडी हा शब्द गावोगाव झाला आहे, त्याचेही मूळ त्यांच्याच कामात आहे.

आता शिकवण्याकडे वळू. इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. आमच्या विद्यार्थ्यांचे शिबिर घेऊन एका गावी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. शाळा अशी देखणी, की पाहतच राहावे. भिंतीवर वारली चित्रे, जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे, दारात फुलझाडे. तिसरीतल्या एका मुलीने पुस्तकातला धडा खणखणीत वाचून दाखवला. मी खूश झालो आणि शेरेबुकात चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या. निघताना माझ्या एका विद्यार्थिनीने त्याच मुलीच्या हातात शेंगदाण्याच्या पुडीचा छापील कागद दिला आणि म्हणाली, "हे वाच ना गं." मुलगी गप्प. एक अक्षर लागेना. धडा तिला पाठ होता! आणि तिच्या पुढच्या रांगेतली दोन मुले आम्हांला काही विचारायला हवी होती, ती आम्ही विचारलीच नाहीत, कारण आम्हांला दाखवली गेली ती फक्त हुशार मुलगी.

त्या दिवसापासून मी शेरेबुकात घाईने लिहीत नाही.

म्हणून पालकांनो, पारख करायची तर पुस्तक मिटून ठेवा. पंचायतीची नोटीस घ्या, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर घ्या, नाही तर स्वतः मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहा. तुम्हांला लिहिता येत नसेल, तर शेजारच्या शिकलेल्या मुलाकडून लिहून घ्या, त्यात कमीपणा नाही. आधी अक्षरे, मग सोपे शब्द, मग चार वाक्ये, मग लहानशी गोष्ट. 'प्रथम' या संस्थेची 'असर' नावाची पाहणी २००५ सालापासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन नेमके हेच करते. त्यांच्या २०२४ च्या पाहणीत, देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीत असलेल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुले सुमारे २३ टक्के होती. चार मुलांत एक सुद्धा पुरते नाही. आपली शाळा या चारांतली कुठली, हे आपल्याच अंगणात बसून दहा मिनिटांत कळते.

गणिताचेही तसेच. पाढे म्हणायला लावू नका, ते पोपटही म्हणतो. एक्केचाळीस रुपयांतून तेरा रुपयांचे तेल-मीठ आणले तर उरले किती, हे पाटीवर मांडायला सांगा. एकातून तीन जात नाहीत, तेव्हा दशकातला एक हातचा घ्यावा लागतो. तिथे मूल अडखळते का, हे बघा. आणि हो, वाचून झाल्यावर "यात काय सांगितलंय?" एवढे विचारायला विसरू नका. वाचणे आणि समजणे यांत ओहोळाएवढे अंतर असते. पावसाळ्यात त्या ओहोळाची नदी होते.

पण थांबा. मुलाला येत नाही म्हणून लगेच गुरुजींवर घसरू नका. आपल्या भागातले पोर घरी वारली बोलते, कोकणा बोलते, कातकरी बोलते. सहा वर्षे ज्या बोलीत ते भांडले, हसले, त्यातला एकही शब्द पहिल्या दिवशी वर्गात ऐकू आला नाही, तर ते गप्पच बसणार. त्याला 'मठ्ठ' म्हणणे सोपे असते. चांगला शिक्षक आल्याआल्या ही बोली चार-दोन शब्द का होईना शिकून घेतो, मुलाने आपल्या बोलीत उत्तर दिले तर ते बरोबर धरतो, आणि मग हळूच पुस्तकातला शब्द शेजारी ठेवतो. वर्गाबाहेर उभे राहून पाच मिनिटे ऐका. आत फक्त गुरुजींचाच आवाज येत असेल तर काही तरी चुकले आहे. मुलांचा गलका येत असेल, त्यात प्रश्न असतील, तर शाळा चालली आहे असे समजा. गलक्याला बेशिस्त म्हणण्याची आपल्याला फार हौस!

शिक्षकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, आणि वर्षातून दोनशे दिवस, आठशे तास शिकवणे झाले पाहिजे. म्हणजे दिवसाला चार तास. आता हिशेब करा. दोन शिक्षकांतला एक बैठकीला, माहिती भरायला, निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेल्या एकापुढे चार-पाच वर्ग. फळ्यावर एकाला गणित, एकाला शुद्धलेखन, आणि पहिलीतली पोरे वाऱ्यावर. असे चाळीस दिवस गेले, तर आठशेतले एकशे साठ तास बुडाले. तेव्हा 'गुरुजी शिकवतात का' याच्या आधी 'गुरुजींना शिकवू देतात का' हेही विचारावे लागते. हा प्रश्न शाळेत नव्हे, पंचायत समितीत जाऊन विचारायचा असतो.

दुसरा मोठा खड्डा आपल्या पोटापाण्याचा आहे. भातकापणी झाली, नाचणी-वरई घरात आली, दिवाळी सरली की बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. पोरे बरोबर. ती परततात पावसाच्या तोंडावर, तेव्हा वर्ष संपलेले असते. मूल शिकेल कधी? चांगल्या शाळेची इथे खरी कसोटी लागते. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिले का? मागे आजी-आजोबा असतील तर मुलाला गावातच ठेवा, हंगामी वसतिगृहाची सोय मागू, असे कोणी घरी येऊन सांगितले का? आणि आई-बापांनो, रागावू नका, पण तुम्हीही आधी सांगितले का? रात्रीत बिऱ्हाड उचलले, तर गुरुजींनी कार्ड द्यायचे कोणाला?

दुपारच्या खिचडीचेही बघा. कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. उष्मांक डोळ्यांना दिसत नाहीत, पण डाळ दिसते. ताटात पिवळे पाणी आहे की डाळ, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी त्या बायका कागदावर अंगठा उठवतात आणि घरी जातात. त्यांपैकी एकीने जरी आठवड्यातून एकदा डाव घालून पातेले ढवळून पाहिले, तरी पुष्कळ फरक पडेल.

आता पटाचा प्रश्न, कारण त्या गृहस्थांची खरी भीती ती होती. पंधरा-सोळा पोरांची शाळा उद्या बंद झाली तर? भीती निराधार नव्हती. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करण्याचे ठरले होते, आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. तशा शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात होत्या. समूह शाळेत वर्गाला शिक्षक मिळेल, सोबती मिळतील, हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण नकाशावर तीन किलोमीटर दिसणारी वाट आवणीच्या दिवसांत ओहोळातून जाते, हे नकाशाला माहीत नसते. लहान पट हा शाळेचा दोष नव्हे, तो पाड्याचा आकार आहे. शाळा मोजायचीच, तर पाड्यावर सहा ते चौदा वयाची मुले किती आणि त्यांतली शाळेत किती, हे मोजा. सोळांपैकी सोळा येत असतील, तर ती शाळा भरलेली आहे.

नुसत्या आकड्यांच्या मागे लागल्याने काय होते, हे विलायतेनेही अनुभवले आहे. १८६२ साली तिथे नियम झाला, की वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेत जितकी मुले पास, तितके शाळेला अनुदान. झाले काय? शिक्षकांनी पुस्तके घोकून घेतली आणि परीक्षेत नाही ते सारे शिकवणेच सोडले. मॅथ्यू आर्नल्ड हा मोठा कवी शाळा-तपासनीस होता. तो याविरुद्ध लिहीत राहिला, तरी ती पद्धत जायला तीसेक वर्षे लागली. आमच्या शेंगदाण्याच्या पुडीची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून एक पान लिहून घ्या, तारीख घाला आणि ठेवून द्या. दिवाळीत दुसरे, मार्चमध्ये तिसरे. पालक आले की तिन्ही पाने पुढे ठेवा. ज्याला जूनमध्ये रेघ ओढता येत नव्हती, त्याने मार्चमध्ये आपले आणि आईचे नाव लिहिले, तर तुमची शाळा कोणत्या श्रेणीत बसते याची मला चिंता नाही. शहरातले मूल घरूनच अक्षरे शिकून येते. त्याच्याशी तुमच्या मुलाची तुलना करणे हा अन्याय आहे, आणि तुमच्या वर्गात एखादे मूल तीन पानांत जागचे हलले नसेल, तर ते लपवणे हा दुसरा अन्याय आहे.

ते एस.टी.तले गृहस्थ मला पुढल्या वर्षी जव्हारच्या बाजारात भेटले. मुलाला त्यांनी पाड्यावरच ठेवले होते. "गुरुजी चांगले होते," म्हणाले, "पोरगा दुकानाच्या पाट्या वाचतो." मी विचारले, "होते म्हणजे?"

"बदली झाली ना त्यांची. नवे आलेत." त्यांनी पिशवी खांद्यावर टाकली. "आता पुन्हा बघतो जाऊन."