पिशवी फोडण्याआधी

आज माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे.

मी ईशान्येकडे होतो. पावसाळ्याचे दिवस. रात्री पाहण्याच्या उपकरणांसाठी पेल्टिए कूलर आले होते, प्रत्येक नग चंदेरी सीलबंद पिशवीत. वार्षिक मोजणी होती. मी म्हटलं, "पिशव्या उघडा, माल डोळ्यांनी बघून मोजा." हवालदार चाचरत म्हणाला, "साहेब, आकडा बाहेर छापलाय." मी ऐकलं नाही. हिशेब चोख जुळला, पिशव्या मात्र नुसत्या दुमडून ठेवल्या. पुढे गरज पडली तेव्हा त्यातले बरेच नग टिकले नाहीत. उघडून पाहिलं, तर सांध्यांवर पांढुरका गंज. तोवर एका चौकीवरच्या पोरांनी कित्येक रात्री नुसत्या डोळ्यांनी पहारा दिला होता.

हे का होतं? पेल्टिएचा शोध १८३४ चा. वीज सोडली की कूलरची एक बाजू थंड होते, दुसरी तापते. दोन सिरॅमिक पट्ट्यांच्या मध्ये बिस्मथ टेल्युराइडचे बारीक ठोकळे डाखाने जोडलेले असतात. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २६ अंशांनाच दव धरतं. कूलरची थंड बाजू त्याच्या कितीतरी खाली जाते. पाणी आत शिरलं, त्यात वीज वाहिली, की डाख गंजतो, शॉर्ट होतो. म्हणून कडेने सिलिकॉन किंवा इपॉक्सी भरतात. त्यातून थोडी उष्णता थंड बाजूकडे झिरपते, पण कूलर जगतो. नाजूक डिटेक्टरमध्ये तर कूलर हवाबंद डबीत, कोरड्या नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात बसवतात.

साठवणीचे नियम साधे आहेत. साध्या प्लॅस्टिकमधून बाष्प हळूहळू आत येतं. अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घ्या. आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड ठेवा. एसी खोलीतून आणलेली पिशवी लगेच फोडू नका. बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आतल्या थंड मालावर दव धरेल. फोडावीच लागली, तर नवं सिलिका जेल घालून त्याच दिवशी पुन्हा सील करा.

कोची असो, कोलकाता असो की मुंबई, पावसाळा कुणाचा हुद्दा बघत नाही. सीलबंद पिशवी हे वेष्टन नव्हे, उपकरणाचाच भाग आहे. आणि हवालदार काही सांगत असेल, तर आधी ऐकून घ्या.

जय हिंद.