विश्रांती : श्रमाचेच एक अंग

(कामगारांपुढे केलेले भाषण)

रविवारची सुटी आपणांस आयती लाभलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती १८९० मध्ये झगडून मिळविली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५ तासांहून अधिक सलग काम देण्यास मनाई करून मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. थकलेला हात यंत्रावर चुकतो; ती चूक कधी बोटावर, कधी जिवावर बेतते. म्हणून जादा पाळीच्या मोहाने झोप मोडू नका. प्रौढ माणसास रोज किमान ७ तास झोप हवीच. मनावरचा ताण घरच्यांपाशी मोकळा करा. विश्रांती हा आळस नव्हे. उद्याच्या चोख कामाची ती पूर्वतयारीच होय.