घरातली शिलाई, घराचं भाडं आणि माझं अडकलेलं कर्ज

आवाजात मध्येच खडखड ऐकू आली तर समजून घ्या, शेजारच्या खोलीत ओव्हरलॉक चालू आहे. मी कळवणची. घरीच ब्लाउज शिवते, आरी वर्क करते, लग्नसराईत नऊवारीही शिवते. आमच्याकडे धंद्याचा अंदाज कांद्यावरून येतो बघा. भाव बरा मिळाला की आरी वर्कचे ब्लाउज येतात, भाव पडला की साधे. वर्षभर चालतं पण.

आज मी टॅक्सवर बोलणार आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! मी काही सीए नाही. मी जी चूक केली ती सांगतेय.

मागच्या वर्षी मला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन घ्यायचं होतं, साडेतीन लाखांचं. मुद्रा कर्जात ‘किशोर’ गटात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत मिळतं, म्हणून म्हटलं रिटर्न भरून ठेवू. त्याच दिवसांत मोबाईलवर एक रील आलं. घरून धंदा करता? मग भाडं, लाईटबिल, रिचार्ज सगळं खर्चात टाका, टॅक्स झिरो! मी ओळखीच्या एका पोराला तेच सांगितलं, त्यानंही टाकलं. घराचं पूर्ण भाडं ७२,००० रुपये, पूर्ण लाईटबिल १८,०००, रिचार्ज ३,६०० आणि चहापाणी, प्रवास, कपडे असं मोघम ६०,०००.

माझी वर्षाची जमा ४,८०,००० होती. अस्तर, धागे, मणी, हाताखालच्या मुलीचा पगार असा खरा खर्च १,८०,०००. त्यात हे वरचे १,५३,६०० मिळवले, आणि कागदावर नफा उरला १,४६,४००. मला वाटलं, जमलं.

बँकेतल्या साहेबांनी रिटर्न पाहिला आणि म्हणाले, “ताई, महिन्याला बारा हजार कमावता. त्यातून साडेसात-आठ हजारांचा हप्ता कसा भरणार?” काय बोलणार? मी खरं तर जास्त कमावते, असं सांगितलं असतं तर सहीनिशी खोटं लिहिलंय हेही कबूल करावं लागलं असतं. गप्प बसून परत आले.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. त्या सगळ्या उद्योगात माझा एक रुपयाही टॅक्स वाचला नव्हता! नव्या करप्रणालीत त्या वर्षी ३ लाखांपर्यंत कर नव्हताच, आणि सूट धरली तर ७ लाखांपर्यंत काही भरावं लागत नव्हतं. २०२५-२६ पासून तर धंद्याच्या उत्पन्नाला ही मर्यादा १२ लाख झाली. खरा नफा दाखवला असता तरी कर शून्यच होता. शून्य वाचवायला मी कर्ज घालवलं.

मग एका सीए ताईंकडे बसून नीट समजून घेतलं. घरातून धंदा केला तर घरखर्चाचा वाटा मिळतो, हे खरं आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ३० मध्ये जागेचं भाडं, दुरुस्ती, घरपट्टी, विमा येतं. कलम ३८ म्हणतं की जागेचा काही भागच धंद्याला वापरत असाल तर रास्त तेवढाच वाटा. वीज, फोन वगैरे कलम ३७ मध्ये, आणि तिथे अट अशी की खर्च संपूर्णपणे धंद्यासाठीच झालेला हवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, पण तत्त्व तेच.

वाटा म्हणजे किती, हे आपणच मोजायचं. ब्रिटनमध्ये ठरलेली रक्कम घेता येते, महिन्याला २५ ते ५० तास घरून काम केलं तर १० पौंड, त्याहून जास्त तासांना जास्त. अमेरिकेत स्वतःचा धंदा असणाऱ्याला चौरस फुटाला ५ डॉलर, तेही ३०० चौरस फुटांपर्यंतच. आपल्याकडे असा तयार आकडा नाही. म्हणून मी टेप घेऊन बसले. घर ४८० चौरस फूट, मशीनची खोली १० बाय १२, म्हणजे १२०. पाव हिस्सा. भाडं ६,००० तर वाटा १,५००. माझ्या खोलीत फक्त मशिनं आहेत. तुमच्या खोलीत रात्री अंथरुणं पडत असतील तर तेवढा वाटा आणखी कमी धरा.

विजेला खोलीचा हिशोब चालत नाही, कारण फ्रिज माझ्या धंद्याचा नाही आणि इस्त्री जवळपास सगळी धंद्याची. इस्त्री, मोटर, दिवे, पंखा किती तास चालतात ते आठवडाभर वहीत लिहिलं. दिवसाला साधारण २ युनिट, २५ दिवसांचे ५०. युनिटला ८ रुपये धरले, ४०० झाले. रिचार्ज ३०० चं, त्यातलं अर्धं गिऱ्हाइकांच्या फोटोंना आणि फोनला. एकूण महिना २,०५०, वर्षाला २४,६००. खरा नफा निघाला २,७५,४००. महिन्याला जवळपास २३,०००. हेच आधी लिहिलं असतं तर?

आता काही जण म्हणतील, आम्ही तर ४४एडीत भरतो. छोट्या धंदेवाल्यांसाठी ती सोय आहे, जमेच्या ८ टक्के, ऑनलाईन आलेल्या पैशाला ६ टक्के किमान नफा धरायचा. मग वह्या ठेवायची कटकट नाही. पण त्यात भाडं, वीज, घसारा सगळं आधीच वजा झालंय असं धरतात. त्यावर पुन्हा घराचा वाटा मागता येत नाही. आणि ८ टक्के हा कमीत कमी आकडा आहे. नफा जास्त झाला असेल तर जास्तच दाखवायचा. माझ्या जमेचे ८ टक्के म्हणजे ३८,४००. ते घेऊन बँकेत गेले असते तर साहेबांनी चहासुद्धा विचारला नसता.

घर स्वतःचं असेल तर स्वतःलाच भाडं देता येत नाही. दुरुस्ती, घरपट्टी, घसारा यांचा वाटा मात्र घेता येतो. घर सासूबाईंच्या नावावर असेल तर त्यांना खरोखर भाडं द्या, आजूबाजूला चालतं तेवढंच, बँकेतून द्या, आणि त्यांच्या उत्पन्नात ते दाखवा. नुसतं कागदावर नको. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. आणि नोकरी करून घरून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनो, हा घराचा वाटा तुमच्यासाठी नाहीये. तो धंदा-व्यवसायाच्या उत्पन्नातूनच वजा होतो.

आमचे घरमालक एवढं ऐकून घाबरले. “पोरी, दुकान लागलं तर मीटर कमर्शियल होईल ना!” त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण महावितरणच्या दरपत्रकात घराच्या एका भागातून धंदा करणाऱ्यांना महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दरच लागतो. आमचं पूर्ण घर १८० च्या आसपास जातं. बिल दाखवलं तेव्हा कुठे भाडेकरारावर सही झाली. दर बदलत असतात, तेव्हा तुमच्या वेळचं दरपत्रक बघून घ्या.

या सगळ्या मोजामोजीत मला टॅक्सपेक्षा कामाची गोष्ट वेगळीच कळली. महिन्याला मी ८० ब्लाउज शिवते. २,०५० भागिले ८० केलं तर एका ब्लाउजमागे पंचवीस-सव्वीस रुपये नुसते घराचे आहेत. साध्या ब्लाउजची शिलाई मी २५० घेत होते आणि अस्तर-धागा सोडून बाकी सगळं माझं समजत होते. दुकान भाड्यानं घेतलेल्या बाईला हा खर्च दर महिन्याला दिसतो. आपल्याला दिसत नाही, कारण भाडं नवऱ्याच्या पगारातून जातं आणि लाईटबिल सासरे भरून येतात. मी शिलाई ३० रुपयांनी वाढवली. दोन गिऱ्हाइकं तुटली. त्यातली एक चैत्रात, गडावर यात्रेला जायच्या आधी परत आली, तीन ब्लाउज घेऊन. कुठे गेली होतीस, हे मी विचारलं नाही.

रिटर्नचं म्हणाल तर मुदतीच्या आत सुधारित विवरणपत्र भरलं. मोघम ६०,००० काढून टाकले, घराचा वाटा आला, सोबत भाडेकरार, भाडं ट्रान्सफर केल्याच्या नोंदी आणि ती विजेची वही. कर तेव्हाही शून्य, आताही शून्य. त्याच बँकेत परत अर्ज दिलाय. साहेबांनी यावेळी वही उलटून पाहिली, इस्त्रीच्या तासांवर हसले आणि “कळवतो” म्हणाले.

अजून फोन आलेला नाही. आला आणि मशीन मंजूर झालं तर ते १० बाय १२ मध्ये मावणार नाही, पुढची खोली घ्यावी लागेल. म्हणजे पुन्हा टेप, आणि घरमालकांशी पुन्हा ३०० युनिटांवर बोलणं. चला, आरीचं एक काम संध्याकाळपर्यंत द्यायचंय. भेटू.