मुलांचे खेळ आणि त्यांची छायाचित्रे
(मंडळात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळकरी मुलांच्या क्रीडास्पर्धांना आपण पालक वा आजी-आजोबा या नात्याने नेहमीच जातो. बंगळूरमधील अशा अनेक स्पर्धांत एका कडेला छायाचित्रकाराचे टेबल मांडलेले असते. दिवसभर टिपलेली चित्रे पडद्यावर सरकत असतात. पालक आपले मूल ओळखून क्रमांक सांगतात आणि छापील प्रत तेथल्या तेथे हाती पडते. व्यवहार लहानसाच, परंतु त्यात मुलाची आठवण, छायाचित्रकाराची उपजीविका आणि कुटुंबाची खाजगी बाब या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

पूर्वी साऱ्या संघाचे मिळून एकच चित्र निघे. मध्यभागी ढाल घेतलेला कर्णधार, शेजारी शिक्षक आणि खाली नावांची पट्टी. १९६० साली उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिची ‘इंदू’ फिल्म आपल्यापैकी कित्येकांना आठवत असेल. एका रोलमध्ये ३६ चित्रे; तेव्हा कळ दाबताना हात आखडता घ्यावा लागे. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी रचली. ती दोन नावे सर्वतोमुखी झाली. परंतु उन्हात क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुलांपैकी कितीजणांच्या घरी त्या सामन्याचे चित्र असेल? खेळणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा खेळ शाळेबरोबरच संपतो. त्यांच्यासाठी ते एक चित्र हीच काय ती कीर्ती.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना छायाचित्रकार हवाच कशाला, असे कोणी विचारील. धावणारे मूल चित्रात स्थिर दिसावे म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका ठेवावा लागतो. बॅडमिंटनच्या सभागृहात उजेड बेताचा, आणि खेळाडूचे डोळे दिपतात म्हणून फ्लॅश वापरता येत नाही. तेथे महागडे भिंग आणि सरावलेला हातच उपयोगी पडतो. शिवाय आयोजक मोबदला देत नसतील, तर त्याची सारी मिळकत प्रतींच्या विक्रीवर अवलंबून राहते. मग ज्यांचे पालक हजर आहेत अशा मुलांकडेच त्याचा कॅमेरा वळणार, हे ओघानेच आले. ज्याचे आईवडील कामावरून सुटी घेऊ शकत नाहीत, ते मूल चित्राबाहेर राहते. ही उणीव मला सर्वांत अधिक बोचते.

आता कायद्याविषयी थोडेसे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, उलट करार नसेल तर, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो. छायाचित्रकाराने स्वतःहून टिपलेल्या चित्राचा हक्क मात्र त्याचाच राहतो. आपण विकत घेतो ती केवळ प्रत. म्हणजे आपल्या मुलाचे चित्र हक्काने दुसऱ्याचे असू शकते! दुसरा कायदा २०२३ चा, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून, तिची माहिती संगणकीय व्यवहारात वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. चेहरा जुळवून हजारो चित्रांतून एक मूल शोधून काढणारी साधने आता उपलब्ध आहेत. ती पालकांच्या सोयीची खरी; परंतु तीच सोय परक्याच्याही हाती जाऊ शकते, याचा विसर पडता कामा नये.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. प्रवेशअर्जातच छायाचित्राविषयी पालकांची स्पष्ट संमती घ्यावी, आणि नकार देणाऱ्याच्या मुलाला खेळण्यास आडकाठी नसावी. पडद्यावरील चित्राखाली मुलाचे नाव वा शाळा न देता केवळ क्रमांक द्यावा. प्रतीची किंमत आरंभीच फलकावर लिहावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आयोजकांनी छायाचित्रकाराला ठराविक मोबदला देऊन प्रत्येक मुलाला, मग ते जिंको वा हरो, एक प्रत विनामूल्य द्यावी. अधिक प्रती ज्याला हव्यात त्याने खुशाल विकत घ्याव्यात. यात छायाचित्रकाराला निश्चित मिळकत आणि प्रत्येक मुलाला त्याचा ठेवा, असे दोन्ही साधते.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. साताऱ्या-सांगलीकडची आजी नातवाचा सामना पाहावयास येऊ शकत नाही. फोनवर आलेले चित्र ती पाहते, आणि दुसऱ्या दिवशी ते शंभर चित्रांखाली गाडले जाते. देवघराशेजारच्या भिंतीवर लावलेली प्रत मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखविता येते. सुवर्णमहोत्सवी वर्षातील आपल्या मंडळाच्या क्रीडास्पर्धांपासूनच ही प्रथा सुरू व्हावी, आणि शर्यतीत शेवटी आलेले मूलही आपले चित्र घेऊन घरी जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.