गोवराचे गणित



सातवी शिकलेली बाई गणितावर बोलते, याचे कोणाला हसू येईल. पण हे गणित आपल्या लेकरांच्या जिवाचे आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि पुढे कित्येक वर्षे तो फिरून फिरून येत राहिला. दर आठवड्याला किती माणसे दगावली याची तेथे नोंद होई. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील आकडे घेऊन केरमॅक व मॅककेंड्रिक या दोघा संशोधकांनी १९२७ साली साथीचे गणित मांडले. मॅककेंड्रिक पूर्वी हिंदुस्थानात डॉक्टर होते. केरमॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतील अपघातात गेली होती. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, म्हणून त्याला हे गणित पुरते बसत नाही, असे पुढे दिसून आले. परंतु माणसापासून माणसाला होणाऱ्या रोगांना ते चांगले लागू पडते.

त्याचे सार आपल्या खळ्यात पाहा. कडब्याच्या वाळल्या गंज्या जवळजवळ असल्या तर एका ठिणगीने सगळ्या पेटतात. मध्ये ओल्या गंज्या असल्या तर आग तिथेच विझते. लस टोचलेले मूल म्हणजे ओली गंजी.

आता गोवर घ्या. कोणालाच संरक्षण नसेल तर एका रोग्यापासून १२ ते १८ जणांना लागण होते. १८ धरा. त्यांतील १७ जणांना संरक्षण असेल तर एकालाच लागण होईल, आणि साथ वाढणार नाही. अठरांत सतरा म्हणजे शंभरांत जवळजवळ ९५. "नव्वद मुलांना टोचले, पुष्कळ झाले," असे आपण म्हणतो. गणित तसे म्हणत नाही. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली, तीत लहान मुले दगावली.

पहिली लस नवव्या महिन्यात, दुसरी दीड वर्षाच्या सुमारास. त्याआधीच्या तान्ह्याला आधार फक्त शेजारच्या मुलांचा.

गोवर निघाला की दारी कडुलिंबाचा टहाळा बांधतो, तो खुशाल बांधा. पण "टोचले की ताप येतो" म्हणून सासूबाई अडवतील तर त्यांना हा हिशेब समजावून सांगा. आपल्या वडनेरात प्रत्येकीने आपल्या आळीतील मुलांची कार्डे पाहावी, राहिलेल्यांना घेऊन जावे. मंडळाच्या वाढदिवशी एवढा संकल्प पुरे.